आंतड्यांतील कोथळी आणि पित्तनलिकेंतील खडे

पित्ताशय शस्त्रक्रियेनें काढून टाकल्यावर पित्ताचा खडा पुन्हां कसा होतो, हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत माझ्या कानीं इतक्यांदा आला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां नीट जुळवून लिहावें असें वाटूं लागलें. जळगांव काय किंवा धुळें काय, आमच्या खानदेशांत साठी उलटलेल्या माणसांच्या बैठकींत राजकारणाच्या खालोखाल बोलणें निघतें तें पोटाचें. अमक्याचा पित्ताशय काढला, तमक्याच्या पोटांत दुर्बीण घातली, तिसऱ्याच्या नळींत खडा अडकला. यांतील पहिल्या गोष्टीचें आतां कोणास नवल उरलेलें नाहीं. परंतु पित्ताची पिशवीच नाहींशी झाल्यावर आठ-दहा वर्षांनीं डोळे पिवळे होतात आणि डॉक्टर ‘नळींत खडा आहे’ असें सांगतात, तेव्हां घरचीं माणसें बुचकळ्यांत पडतात. कोणी म्हणतो, पहिली शस्त्रक्रियाच नीट झाली नसावी. कोणी म्हणतो, पथ्य सांभाळलें नाहीं. पहिल्या तर्कांत कधीं कधीं तथ्य असतें, दुसऱ्यांत फारसें नसतें. खरें कारण पुष्कळदां लहान आंतड्याच्या भिंतीला आलेल्या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या कोथळींत दडलेलें असतें, आणि तिचें नांवहि आमच्या सुशिक्षित घरांत कोणी ऐकलेलें नसतें. मी वैद्य नव्हे, डॉक्टरहि नव्हे; शाळेंत संस्कृत शिकविण्यांत जन्म गेला. तेव्हां पुढें जें लिहीत आहें तें समजून घेऊन सांगण्याचें काम आहे, औषध देण्याचें नव्हे.

प्रथम ही जागा कोठें आहे तें पाहूं. जठरांतून अन्न खालीं उतरतें तें लहान आंतड्याच्या पहिल्या भागांत. हा भाग घोड्याच्या नालासारखा वळलेला असून स्वादुपिंडाच्या डोक्याला वेढून बसलेला असतो. लांबी सुमारें २५ सेंटिमीटर. अलेक्झांड्रिया येथील हिरोफिलस नांवाच्या ग्रीक शरीरशास्त्रज्ञानें याला ‘बारा बोटें’ अशा अर्थाचें नांव दिलें, आणि इंग्रजी वैद्यकांतील ड्युओडिनम हा शब्द त्याच अर्थाचा. बोटें आडवीं ठेवून मोजलीं तर बारा भरतात, म्हणून द्वादशांगुल. आपले पूर्वजहि अंगुलांनींच मोजीत. माणसाचें शरीर मोजावयास माणसाचेंच बोट घ्यावें, हें दोघांस सारखेंच सुचलें याची मला मौज वाटते. आपल्या वैद्यकांत जिला ग्रहणी म्हणतात ती बहुधा हीच, असें पुष्कळ जण मानतात. मीहि पुढें ग्रहणी हाच शब्द वापरणार आहें.

यकृत दिवसाकाठीं अर्ध्या लिटराहून अधिक पित्त तयार करतें. पित्ताशय ही त्या पित्ताची टांकी नव्हे. पित्त आटवून, दाट करून, जेवणाच्या वेळेपर्यंत जपून ठेवणारी ती एक लहानशी कुपी आहे. तिच्यांत एका वेळीं ३० ते ५० मिलिलिटरच मावतें. म्हणूनच ती काढली तरी माणसाचें चालतें. यकृताकडून येणारी वाट आणि पित्ताशयाकडून येणारी वाट एकत्र मिळून मुख्य पित्तनलिका होते. ती खालीं येतांना बहुतेकांच्या शरीरांत स्वादुपिंडाच्या नलिकेस भेटते, आणि दोघी एकाच मुखानें ग्रहणींत उघडतात. हें मुख आंतल्या बाजूनें एखाद्या बोंडलीसारखें उंच दिसतें. अब्राहम व्हाटर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें १७२० सालीं त्याचें वर्णन केलें. मुखाभोंवतीं जो आवळून धरणारा स्नायु आहे, त्याला रुज्जेरो ओडी या इटालियन गृहस्थाचें नांव मिळालें. १८८७ सालीं त्यानें तो शोध प्रसिद्ध केला तेव्हां तो पेरुजा येथें वैद्यकाचा विद्यार्थी होता. जुन्या वाड्याच्या थोरल्या दरवाजाला जशी दिंडी असते, तसें या स्नायूचें काम आहे. पित्ताला वेळेवर बाहेर सोडावयाचें, आणि आंतड्यांतील घाण आंत शिरूं द्यावयाची नाहीं.

आतां कोथळी. आंतड्याच्या भिंतीला बाहेरून स्नायूचा थर असतो आणि आंतून मऊ अस्तर. पित्तनलिका व रक्तवाहिन्या जेथें भिंत भेदून आंत शिरतात, तेथें स्नायूच्या थराला फटी असणें प्राप्तच आहे. वय वाढतें, तंतु सैल होतात, आणि आंतील दाबानें अस्तर त्या कच्च्या जागेंतून बाहेर फुगतें. जुन्या गोधडीची शिवण उसवली म्हणजे आंतला कापूस जसा बाहेर डोकावतो, तसेंच हें होय. कापसाच्या मुलुखांत याहून सोपी उपमा मला सुचत नाहीं. या फुगलेल्या भागास डॉक्टर डायव्हर्टिक्युलम म्हणतात. तो कधीं वाटाण्याएवढा असतो, कधीं लिंबाएवढा. ग्रहणींतील अशा कोथळ्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश त्या बोंडलीपासून दोन सेंटिमीटरांच्या आंत आढळतात. कारण उघडच आहे, भिंतीला सर्वांत मोठी फट तेथेंच आहे. कांहीं माणसांत तर बोंडली कोथळीच्या कांठावर, क्वचित् कोथळीच्या पोटांतच असते.

चाळिशीच्या आधीं ही कोथळी विरळा, साठीनंतर पुष्कळ. किती, हें पाहण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. पांढरें औषध पाजून क्ष-किरणांनीं घेतलेल्या चित्रांत ती शेंकडा ६ पर्यंत लोकांत दिसते. शवविच्छेदन करून मुद्दाम शोधणारांस ती शेंकडा २२ पर्यंत सांपडली आहे. म्हणजे या लेखाच्या वयस्क वाचकांपैकीं कित्येकांच्या पोटांत ती या क्षणीं असेल, आणि त्यांनीं त्यामुळें रात्रीची झोंप मोडण्याचें कारण नाहीं. शंभरांतील नव्वदांहून अधिक जणांस ती जन्मभर कांहींहि त्रास देत नाहीं.

ही कोथळी प्रथम नोंदली गेली ती फ्रान्समध्यें, १७१० सालीं. शोमेल नांवाच्या वैद्यानें एका मृताच्या ग्रहणीला लागून ती पाहिली. गंमत अशी कीं, त्या कोथळींतच खडे होते. कोथळी व खडे यांची जोडी अशी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती. पण त्यांचा परस्पर संबंध काय, हें समजण्यास पुढें दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला. क्ष-किरणांनीं जिवंत माणसांत ती दिसली १९१३ सालीं, आणि बोंडलीचें मुख दुर्बिणीनें प्रत्यक्ष पाहून तेथून नलिकेंत शिरण्याची विद्या आली ती १९६८ नंतर.

धुळ्याच्या एका ओळखीच्या घरांतील हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. घरांतील वृद्ध गृहिणीस आम्ही सर्व काकू म्हणतों. त्यांचा पित्ताशय अठ्ठावन्नाव्या वर्षीं काढलेला. पुढें दहा वर्षें प्रकृति ठणठणीत. एका वैशाखांत त्यांस पोटाच्या वरच्या भागीं कळ आली, पाठीकडे गेली, आणि रात्रीं हुडहुडी भरून ताप आला. सकाळीं लघवी चहाच्या रंगाची. आमच्याकडे वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि लघवी गडद झाली कीं ‘उन्हाळी लागली’ असें निदान घरोघर तयार असतें. धण्याजिऱ्याचें पाणी झालें, वाळ्याचें पाणी झालें. दुसऱ्या दिवशीं डोळे पिवळे दिसले तेव्हां कोणी तरी कावीळ उतरविणाऱ्या माणसाचा पत्ता आणला. त्यानें मुळ्यांची माळ गळ्यांत घातली व हात चुन्याच्या पाण्यांत धुवविले; पाणी पिवळें झालें, मंडळींस समाधान वाटलें. तिसऱ्या दिवशीं काकू वर्षांपूर्वीं वारलेल्या आपल्या भावास हाका मारूं लागल्या. जळगांवास नोकरीवर असलेला मुलगा त्या रात्रीं आला आणि त्यांस मोठ्या शहरांत घेऊन गेला, म्हणून त्या वांचल्या. नलिकेंत खडा होता व वर पू झाला होता. दुर्बिणीनें मुख उघडून तो काढला. दवाखान्यांतून घरीं येतांना मिळालेल्या कागदावर ‘पेरिअँप्युलरी डायव्हर्टिक्युलम’ असे दोन शब्द होते. मुलानें जुनी फाईल काढून पाहिली, तों पांच वर्षांपूर्वीं भलत्याच कारणासाठीं काढलेल्या एका तपासणीच्या कागदावर तोच शब्द शेवटच्या ओळींत होता. कोणी वाचला नव्हता, आणि ज्यांनीं लिहिला त्यांनीं सांगितला नव्हता.

दोन वर्षांनीं काकूंस पुन्हां कळ आली. या वेळीं सूनबाईंनीं लघवीचा रंग पाहिला, आणि दुपारच्या आंत गाडी रस्त्याला लागली. दोन लहान मऊ खडे निघाले. चौथ्या दिवशीं काकू घरीं आल्या.

कोथळीमुळें खडा होतो तो कसा? ग्रहणींत स्वभावतः जंतु थोडे असतात. वरून जठराचें अम्ल येतें आणि प्रवाह सतत वाहता असतो. कोथळी ही वाहत्या नदीच्या कांठचा डोह समजा. तांपी उन्हाळ्यांत आटली म्हणजे डोहांत पाणी सांचतें व हिरवें होतें. तसें कोथळींत अन्नाचा अंश अडकून राहतो व जंतूंची पैदास होते. ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी कीं, दिंडीवरील तो स्नायु ज्या भिंतीच्या आधारानें आवळतो ती भिंतच कोथळीमुळें लुळी पडलेली असते. त्यामुळें त्याची पकड बिघडते, आणि आंतड्यांतील द्रव जंतूंसह उलटा नलिकेंत चढतो. शिवाय भरलेली कोथळी नलिकेच्या शेवटच्या टोंकावर बाहेरून दाब देते व पित्त पुढें सरकण्याऐवजीं तुंबतें. तुंबलेलें पित्त आणि त्यांत शिरलेले जंतु, एवढें साहित्य खड्याला पुरेसें आहे.

यापुढची क्रिया रसायनाची आहे, आणि मला ती या सर्व विषयांत फार सुंदर वाटते. जुन्या रक्तपेशी मोडून जें पिवळें रंगद्रव्य निघतें तें पाण्यांत विरघळत नाहीं. यकृत त्याला एका शर्कराम्लाशीं बांधून विरघळण्याजोगें करतें व पित्तांतून बाहेर घालवितें. पित्तनलिकेंत शिरलेल्या जंतूंपैकीं कांहींजवळ हा बंध तोडणारें एक द्रव्य असतें. बीटा-ग्लुक्युरोनिडेज असें त्याचें नांव. बंध तुटला कीं रंगद्रव्य मोकळें होतें, पित्तांतील चुन्याच्या अंशाशीं संयोग पावतें आणि तपकिरी गाळ खालीं बसतो. त्याचेच थर जमून खडा होतो. हा खडा मऊ, मातकट, बोटांनीं दाबला तर फुटणारा. पित्ताशयांतील नेहमींचा खडा बहुधा कोलेस्टेरॉलचा, फिकट व टणक असतो. ज्यांच्या रक्तपेशी फार मोडतात त्यांस पित्ताशयांतच काळे खडे होतात. तपकिरी खडा मात्र बहुतेक वेळां नलिकेंतच जन्मतो. तो पित्ताशयांतून खालीं आलेला नसतो, आणि म्हणून पित्ताशय काढल्यानें त्याचा मार्ग बंद होत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांच्या आंत नलिकेंत खडा सांपडला तर तो आधींचाच राहिलेला असावा, आणि त्यापुढें सांपडला तर तो तेथेंच नवा झालेला असावा, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण संकेत आहे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांस दोष देण्यापूर्वीं ही दोन वर्षांची मर्यादा ध्यानांत घ्यावी.

येथें एक सावधगिरी. ज्यांनीं तर्कसंग्रह वाचला आहे त्यांस ओल्या सरपणाचें उदाहरण आठवेल. धूर दिसला तर अग्नि मानावा हें ठीक. पण अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें नाहीं, त्यास ओलें सरपण लागतें. कोथळी आहे म्हणून खडा होणारच असें म्हणणें ही तीच चूक होय. तुंबणें आणि जंतु हें येथलें ओलें सरपण. उलट, ज्यांस कोथळी नाहीं त्यांच्याहि नलिकेंत पित्ताशयांतून खडे उतरतात. पूर्वेकडील व पश्चिमेकडील अनेक देशांत डॉक्टरांनीं हजारों रोगी तपासून जें ठरविलें तें इतकेंच कीं, नलिकेंत खडा असलेल्या माणसांत ही कोथळी इतरांहून अधिक आढळते, आणि एकदां काढलेला खडा पुन्हां होण्याचा संभव कोथळी असलेल्यांत अधिक असतो. खुद्द पित्ताशयांतील खड्यांशीं तिचा संबंध तितका घट्ट दिसत नाहीं. हा भेद वरील रसायन समजल्यावर आपोआप पटतो.

खाण्यापिण्याचा यांत किती दोष? आमच्या जळगांवच्या वांग्याच्या भरतावर हा आळ वारंवार येतो. वांग्याच्या बिया, टोमॅटोच्या बिया, सीताफळाची गिळलेली बी, यांचे खडे होतात अशी समजूत चांगल्या शिकलेल्या घरांतहि आहे. बी आंतड्यांत जाते, पित्तनलिकेंत नव्हे. पित्ताचा खडा पित्तांतच होतो. भरीत खुशाल खावें. आणखी एक गोंधळ नांवाचा आहे. खडा म्हटलें कीं मुतखडा आठवतो, आणि मुतखड्यावर चालणारें कुळथाचें पाणी व पाषाणभेद पित्ताच्या खड्यावरहि सुरू होतो. दोन्ही खड्यांच्या जागा वेगळ्या, द्रव्यें वेगळीं. मोठ्या आंतड्यालाहि अशाच कोथळ्या येतात, त्यांचें नांव डॉक्टरांच्या तोंडीं सारखेंच, पण त्यांचा पित्ताशीं कांहीं संबंध नाहीं. कोंडा व भाजीपाला खाण्याचा उपदेश असतो तो त्यांच्यासाठीं. ग्रहणींतील कोथळी टाळण्याचें पथ्य अद्याप कोणास सांगतां आलेलें नाहीं. आणि ऑलिव्हचें तेल व लिंबाचा रस पिऊन दुसऱ्या दिवशीं हिरवे मऊ गोळे पडल्याचें कोणी छातीठोकपणें सांगतो, ते खडे नसून त्या तेलाचा पोटांत झालेला साबण असतो. असे गोळे प्रयोगशाळेंत तपासून हें सिद्ध झालें आहे.

काविळीविषयीं मात्र थोडें विस्तारानें बोललें पाहिजे. माळ घालणारे, नाकांत औषध पिळणारे, दंडावर डाग देणारे लोक इतकीं वर्षें टिकले याचें कारण त्यांच्याकडे येणारे पुष्कळ रोगी खरोखरच बरे होतात. मुलांस व तरुणांस होणारी कावीळ बहुधा दूषित पाण्यांतून आलेल्या विषाणूची असते. ती बहुसंख्य लोकांत कांहीं आठवड्यांत आपली आपण ओसरते, आणि तिचें श्रेय माळेच्या पदरीं पडतें. चुन्याचें पाणी पिवळें होण्यांत तर हातचलाखीपलीकडे कांहीं नाहीं. परंतु साठीच्या पुढच्या माणसाची कावीळ ही निराळी गोष्ट आहे. तेथें वाट बंद पडलेली असण्याचा संभव प्रथम धरावा लागतो. खड्यानें, नाहीं तर गांठीनें. कळ नाहीं, ताप नाहीं, पण कावीळ वाढत आहे आणि वजन घटत आहे, अशा रोग्यांत स्वादुपिंडाचा किंवा नलिकेचा कर्करोग शोधावा लागतो. माळेच्या नादांत गेलेले पंधरा दिवस तेथें परत मिळत नाहींत.

या बाबतींत आपल्या प्राचीनांची दृष्टि किती सूक्ष्म होती हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत पांडुरोगाच्या प्रकरणीं कामलेचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. त्यांतील एका प्रकारांत रोग्याचा मल वाटलेल्या तिळांसारखा फिकट होतो, आणि त्याचें कारण म्हणून पित्ताचा मार्ग कफानें अडला आहे असें दिलें आहे. कफाचा भाग सोडून देऊं; पण पिवळ्या रोग्याचा मल पांढरा दिसला तर पित्ताची वाट बंद आहे, हें अनुमान आजचा डॉक्टरहि तसेंच करतो. मलाचा पिवळा रंग पित्ताचाच असतो; तें आंतड्यांत उतरलेंच नाहीं तर रंग येणार कोठून? माळ घालणारे स्वतःस आयुर्वेदाचे वारसदार म्हणवितात. त्यांतील एकानेंहि रोग्यास मलाचा रंग विचारल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

तेव्हां घरच्या माणसांनीं पाहावयाचें तें हें. उजव्या बरगडीखालीं किंवा छातीच्या खोबणीखालीं कळ, ती पाठीकडे अगर उजव्या खवाट्याकडे जाणारी, गडद लघवी, फिकट मल, अंगाला खाज, पिवळे डोळे. डोळे दिव्याखालीं नव्हे, दिवसाच्या उजेडांत पाहावे. याबरोबर थंडी वाजून ताप आला तर नलिकेंत पू होऊं लागला असें समजावें. कळ, थंडीताप व कावीळ या त्रयीचें महत्त्व फ्रेंच वैद्य शार्को यानें १८७७ सालीं दाखविलें, आणि आजहि तिला त्याचेंच नांव आहे. ही स्थिति दिवसांची नव्हे, तासांची आहे. वृद्धांत कधीं कधीं या तिन्हींपैकीं एकच लक्षण दिसतें, किंवा नुसतीच ग्लानि येऊन असंबद्ध बोलणें सुरू होतें. ‘वय झालें, भ्रम झाला’ म्हणून तें सोडून देऊं नये. खडा अगदीं मुखाशीं अडकला तर स्वादुपिंडाचीहि वाट बंद होऊन त्याला सूज येते, तें दुखणें निराळें आणि तितकेंच भयंकर.

तपासणींत प्रथम रक्त व सोनोग्राफी. ती जळगांव-धुळ्यास सहज होते. पण नलिकेचा खालचा शेवट आंतड्यांतील वायूमुळें सोनोग्राफींत बरेचदां झांकला जातो. ‘सोनोग्राफींत खडा नाहीं’ याचा अर्थ ‘खडा नाहीं’ असा नव्हे. नलिका फुगलेली दिसली तरी पुढें जावें लागतें. चुंबकीय चित्र, ज्याला एम. आर. सी. पी. म्हणतात, त्यांत नलिका व खडे स्पष्ट दिसतात, पुष्कळदां कोथळीहि दिसते. द्रवानें भरलेली कोथळी स्वादुपिंडांतील गांठीसारखी भासून घरांत नसती घबराटहि उडते. अशा वेळीं अनुभवी डॉक्टरास चित्र पुन्हां दाखवावें.

उपचाराचा इतिहास मोठा रंजक आहे. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यानें बर्लिन येथें १८८२ सालीं केली. शंभराहून अधिक वर्षांनीं, १९९० सालीं, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनीं तीच गोष्ट हिंदुस्थानांत प्रथम दुर्बिणीनें करून दाखविली. नलिकेंतील खड्यासाठीं मात्र फार काळ पोट उघडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. १९७४ सालीं जर्मनी व जपान या दोन्ही देशांतील डॉक्टरांनीं स्वतंत्रपणें तोंडावाटे दुर्बीण ग्रहणीपर्यंत नेऊन, विजेच्या बारीक तारेनें तें मुख किंचित् कापून खडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. आज ई. आर. सी. पी. म्हणतात ती हीच. महाराष्ट्रांत या विद्येंत ज्यांनीं नांव मिळविलें त्यांत मुंबईचे डॉ. अमित मायदेव हे अग्रगण्य होत. २०१३ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

कोथळीवाल्या रोग्यांत हें काम अवघड. बोंडली कोथळीच्या घडींत लपलेली असते, ती शोधावी लागते. मुखाची दिशा तिरकी झालेली असते. आणि भिंत पातळ असल्यानें काप जरा पुढें गेला तर छिद्र पडण्याचें भय. पूर्वीं यामुळें पुष्कळ प्रयत्न फसत. अलीकडे कुशल हातांत यशाचें प्रमाण इतर रोग्यांइतकेंच आलें आहे. २००३ सालीं तुर्कस्तानांतील डॉक्टरांनीं लहानसा काप घेऊन पुढचें मुख फुग्यानें रुंद करण्याची युक्ति मांडली. मोठ्या कापाची जोखीम जेथें नको, तेथें तिचा चांगला उपयोग होतो. तथापि ही क्रिया पूर्ण निर्धोक नाहीं. शंभरांत सुमारें ३ ते १० जणांस नंतर स्वादुपिंडाची सूज येते, कांहींस रक्तस्राव होतो. रक्त पातळ करण्याचीं औषधें चालू असतील तर तीं डॉक्टरांस आधींच सांगावीं. कावीळ लांबली असेल तर पित्ताअभावीं के जीवनसत्त्व अंगीं लागत नाहीं व रक्त गोठण्यास वेळ लागतो, म्हणून तीहि तपासणी आधीं होते. खुद्द कोथळी कापून काढण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ती मोठ्या नाजूक ठिकाणीं असते, आणि बहुतेकांत ती जागच्या जागीं ठेवून खडा काढणें व पित्तास वाट करून देणें एवढ्यानेंच भागतें. खडे वारंवार होऊं लागले तर पित्तनलिका आंतड्यास दुसऱ्या जागीं जोडण्याची शस्त्रक्रिया सुचविली जाते.

क्वचित् असेंहि होतें कीं कावीळ येते, नलिका फुगते, आणि खडा सांपडतच नाहीं. अन्नानें भरलेली कोथळीच नलिकेला दाबीत असते. १९३४ सालीं लेमेल नांवाच्या जर्मन डॉक्टरानें याचें वर्णन केलें, व त्याच्याच नांवानें हा विकार ओळखला जातो. अशा रोग्यास गांठीच्या संशयावरून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत नेल्याचीं उदाहरणें वैद्यकाच्या मासिकांत आहेत. जुन्या तपासणीच्या कागदावर कोथळीची नोंद असेल आणि ती नव्या डॉक्टरांपुढें ठेवली, तर हा संशय पुष्कळ लवकर फिटतो. म्हणून ज्यांच्या घरीं पित्ताचें दुखणें होऊन गेलें आहे त्यांनीं दवाखान्याचे सर्व कागद, शेवटच्या ओळीसह, एकदां कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावे, ‘डायव्हर्टिक्युलम’ हा शब्द दिसला तर त्याखालीं तांबडी रेघ ओढावी, आणि ती फाईल रोग्याच्या उशाशीं नव्हे, तर रात्रीं अपरात्रीं जो त्यास दवाखान्यांत नेईल त्याच्या हाताशीं ठेवावी.